जुन्या जिप्सीचं स्टेअरिंग साठच्या वेगाला थरथरतं: आख्खा पुढचा एक्सल बदलायचा का?

कातळकर

नमस्कार मंडळी. गाडी मारुती जिप्सी किंग, २००६ची, पेट्रोल एमपीएफआय (इंजेक्शनवालं इंजिन), सॉफ्ट टॉप. मुक्काम राजापूर तालुका, ओणी-पाचल पट्टा. कलमांच्या बागेपर्यंतचा शेवटचा तुकडा निव्वळ कातळ आणि लाल माती, मधे एक पऱ्या. पावसाळ्यात त्याला गुडघाभर पाणी असतं. म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह ही आमच्याकडे हौस नाही.

तक्रार अशी: चांगल्या डांबरी रस्त्यावर ५५-६०च्या आसपास पुढचं चाक खड्ड्यात आपटलं की स्टेअरिंग डावी-उजवीकडे इतक्या जोरात हलायला लागतं की हातात धरवत नाही. वेग ३०च्या खाली आणला की थांबतं. खड्डा लागलाच नाही तर ८०लाही काही नाही. टायर चारही एकाच मापाचे, २०५/७० आर १५. बॅलन्सिंग, अलाइनमेंट नुकतंच झालंय. तालुक्याच्या गॅरेजात नवा स्टेअरिंग डँपर (झटके शोषणारा दांडा) टाकला, काही दिवस बरं वाटलं, आता पुन्हा तेच. मिस्त्री म्हणतो, लष्करी लिलावातला आख्खा पुढचा एक्सल मिळतोय, तोच चढवू, कटकट नको.

अजून दोन गोष्टी. उजव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला जो लोखंडी गोळा असतो, त्यावरून काळपट पातळ तेल ओघळलंय. आणि मागच्या डिफरन्शियलचं (एक्सलच्या मधल्या गिअरांच्या डब्याचं) तेल काढलं तर ते दुधाळ निघालं.

यंदा गाडीला वीस वर्षं पूर्ण होतात, पुनर्नोंदणीही करायची आहे. एक्सल घ्यावा का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टवाळभैरव

विका आणि नवी जिम्नी घ्या. धाग्याला शुभेच्छा.

कातळकर

टवाळभैरव, पैसे कुठे पाठवताय तेवढं व्यनि करा.

उद्यमनगरी

कातळकर, एक्सल घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. लिलावातल्या एक्सलची किंगपिन बेअरिंग, म्हणजे ज्यांच्यावर पुढचं चाक डावी-उजवीकडं वळतं ती, कुठल्या अवस्थेत आहेत हे तुमच्या मिस्त्रीला तरी कुठं ठाऊक हाय? आपलं दुखणं काढायचं, दुसऱ्याचं बसवायचं, वर मजुरी द्यायची, असला कारभार होईल. माझी उभी हयात कोल्हापुरात उद्यमनगरात मशीनवर गेली आणि त्यातली बरीचशी जीप-जिप्सीच्या खाली झोपून, म्हणून सांगतोय.

तुमच्या लिहिण्यातच निम्मं निदान आलंय. थरथर एका ठरावीक वेगाला येते आणि वेग वाढवला की विरते, ती चाकाच्या बॅलन्सिंगची. ॲक्सिलरेटर दाबला की सीटखाली गुरगुर लागते आणि सोडला की जाते, ती प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसची. आणि खड्ड्यानं सुरू होते आणि वेग मोडल्याशिवाय थांबत नाही, ती ढिलाईची. कुठंतरी प्ले आहे. डँपर प्ले काढत नाही, झाकतो. नवा होता तोवर झाकला.

आता प्ले शोधा. पुढचा एक्सल उचला, खाली पक्के स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, कितीही घाई असू दे. एक हात चाकाच्या वर, एक खाली, आणि आत-बाहेर हलवून बघा. खटखट लागली की घरातल्या कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खटखट गेली तर व्हील बेअरिंग ढिलं. तरीही राहिली तर किंगपिन. कारण साधं हाय: ब्रेक दाबला की हब (ज्याच्यावर चाक बसतं) आणि नकल (किंगपिनवर वळणारा, चाक धरणारा भाग) एकजीव होतात, व्हील बेअरिंग हिशोबातून बाद होतं. मग उरते ती हालचाल नकल आणि एक्सलचा गोळा यांच्यामधली.

त्यानंतर दोन्ही हात चाकाच्या बाजूंना धरून हलवा. इथं खटखट असेल तर टाय रॉड एंड, ड्रॅग रॉड नाहीतर स्टेअरिंग बॉक्स. चाकं जमिनीवर असताना एकानं स्टेअरिंग थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्यानं खालून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायचं. डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळतं. स्टेअरिंग बॉक्सचे चॅसीवरचे बोल्ट आणि पुढच्या पाट्यांचे शॅकल बुशही त्याच फेरीत बघा.

माझी पैज किंगपिनवर. करून बघा आणि लिवा.

रानजाई

काकांना +१. मी एक्सलबद्दल बोलत नाही, माझी गाडी जुनी थार आहे, पुढे टॉर्शन बार. पण तुमचं मागचं दुधाळ तेल मला जास्त काळजीचं वाटतं आणि त्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

दुधाळ म्हणजे तेलात पाणी. पऱ्यातून नेता म्हणालात, तिथेच ते शिरलं. एक्सलच्या नळीवर एक छोटं बुच किंवा नळी असते, तो ब्रीदर. गाडी चालून डिफरन्शियल तापतं, आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. तापलेला एक्सल थंड पाण्यात गेला की ती हवा एकदम आकसते आणि आत ओढ लागते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर त्यातून पाणी आत, आणि ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर ऑइल सीलच्या ओठातून पाणी आत. बुजलेल्या ब्रीदरचा दुसरा त्रास उलट दिशेने होतो: तापल्यावर आतला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो. लोक सील बदलत राहतात आणि ब्रीदरकडे कुणी बघत नाही.

उपाय अगदी स्वस्त. दोन्ही एक्सलच्या ब्रीदरला तेलाला टिकणारी रबरी नळी जोडायची, पुढची बॉनेटमध्ये उंचावर आणि मागची पत्र्याच्या आत मागच्या दिव्यापर्यंत न्यायची. टोक खाली वळवायचं, एखादा छोटा फिल्टर लावला तर उत्तम. मधे नळी कुठे लोंबकळू देऊ नका, तिथे तेल साचून बूच बसतं. एक्सल वर-खाली होतो तेव्हा ताण येऊ नये इतकी ढील ठेवा.

आणि पाण्यात शिरण्याआधी पाच-दहा मिनिटं थांबा. एक्सल निवू द्या. पाण्याची खोलीही तेवढ्यात नीट बघून होते.

कातळकर

रानजाई ताई, धन्यवाद. ब्रीदर बघितला. मागच्याच्या टोपीखाली कुंभारणीनं घर केलेलं निघालं. हसावं की रडावं.

उद्यमनगरी

ताईंचं एकदम बरोबर. त्यात भर एवढीच: तेल बदलताना आधी वरचं, भरायचं बूच उघडून बघायचं, मग खालचं. जुन्या गाडीत वरचं बूच जाम असतं. खालून तेल सांडून बसलात आणि वरचं निघालं नाही तर गाडी जागेवर.

खालच्या बुचावर लोहचुंबक असतं. त्याला करडं, मऊ, बोटानं चोळलं की पसरणारं लोणी लागलेलं असेल तर ती रोजची झीज, पुसून टाका. टोकदार तुकडा, दाताची चिप असं काही हाताला लागलं तर मात्र क्राउन-पिनियन उघडल्याशिवाय बूच लावू नका. दुधाळ तेल निघालं असेल तर स्वस्तातलं तेल भरा, थोडी चालवा, गरम असतानाच काढा, मग चांगलं भरा. एका झटक्यात सगळं पाणी निघत नाही.

डिफरन्शियलमध्ये जीएल-५ प्रतीचं गिअर ऑइल, ८०डब्ल्यू-९० जाडीचं. गिअरबॉक्समध्ये जीएल-४. डबा मोठा घेतला म्हणून सगळीकडे जीएल-५ ओतू नका. त्यातली गंधकाची रसायनं डिफरन्शियलच्या हायपॉइड दातांना वाचवतात, पण गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना खातात. मग थंडीत दुसरा गिअर कुरकुरला की म्हणायचं, गाडी म्हातारी झाली.

मोहर्लीकर

भाऊ, आमच्याइकडे जिप्सी म्हणजे रोजीरोटी. ताडोब्यात सकाळ-दुपार दोन फेऱ्या, सगळी कच्ची वाट, उन्हाळ्यात धुळीनं समोरची गाडी दिसत नाही. पाण्याचा त्रास तुमचा, धुळीचा आमचा. मी लिहितो तसंच वाचजा.

एअर फिल्टर आम्ही उन्हाळ्यात रोज काढून झटकतो. हवा मारायची ते आतून बाहेर, आणि प्रेशर कमी ठेवून. बाहेरून मारली का धूळ कागदात अजून रुतते, जोरात मारली का कागद फाटते आणि डोळ्याला दिसत पण नाही. फिल्टरच्या डब्याचं रबर आणि तिथून इंजिनाकडे जाणारा पाइप, ह्याला चीर असली तर फिल्टर कितीही भारी घ्या, काही उपयोग नाही. पाइपाच्या आतून बोट फिरवून पाहजा, मातीचा थर लागला तर समजून घेजा का इंजिन धूळ खाऊन राहिलं.

ग्रीस गन गाडीतच असते. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, स्लिप जॉइंट, जिथं जिथं निप्पल आहे तिथं. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारा. जिप्सीत शाफ्ट तीन: गिअरबॉक्स ते ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) एक, तिथून पुढं एक, मागं एक. मधला बुटका शाफ्ट दिसत नाही म्हणून लोक विसरतात, आणि आवाज तिथूनच येते.

कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, जुलै ते सप्टेंबर बंद राहते, तेव्हा आमचं मोठं काम निघते. पाटे उतरवून, एकेक पान वेगळं करून, गंज घासून, मधी ग्रीस लावून पुन्हा बांधतो. सेंटर बोल्ट नवाच टाकतो, तो स्वस्त असते आणि जंगलात तुटला का एक्सल सरकते. यू-क्लॅम्प थोडी गाडी चालल्यावर परत कसायचे. हे कोणी करत नाही.

आणि एक. उन्हाळा लागला का मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकते. कार्ब्युरेटरच्या जमान्यात खपून जात होतं. एमपीएफआयमध्ये काढला का इंजिन पुरेसं तापतच नाही, कॉम्प्युटरला वाटते गाडी अजून थंडीच आहे, आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहते. गाडी तापते तर रेडिएटर साफ करा, पंखा पहा, पाणी नाही तर कूलंट टाका. थर्मोस्टॅटनं काय बिघडवलं तुमचं?

पर्थस्थित

मूळ देवरुखचा, सध्या पर्थ. माझ्याकडे जुनी सुझुकी सिएरा आहे, म्हणजे जिप्सीची आखूड बहीण. इथे ती एसजे४१३ सिएरा नावाने विकली गेली. आपली जिप्सी १९८५ साली आली ती एसजे४१०च्या लांब सांगाड्यावर, त्यामुळे पुढचा एक्सल आतून बराचसा ओळखीचा.

कातळकर, तुमच्या उजव्या गोळ्यावरचं तेल बोटावर घेऊन बघा. गोळ्याच्या आत, सीव्ही जॉइंटभोवती (वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणारा सांधा) जाड ग्रीस भरलेलं असतं, तिथे तेल असायचं कारणच नाही. ओघळ पातळ असेल आणि त्याला गिअर ऑइलचा उग्र गंधकी वास येत असेल, तर एक्सलच्या नळीतलं आतलं सील गेलं आहे. डिफरन्शियलचं तेल गोळ्यात येतं, ग्रीसची पातळ आमटी करतं आणि बाहेरच्या फेल्टमधून गळतं. अशा वेळी नुसतं बाहेरचं नकल सील बदलून काहीच होत नाही. उघडताय तर दोन्ही बदला.

बाहेरच्या सीलच्या संचात तीन भाग असतात: फेल्ट, रबर आणि पत्र्याची कडी. ती आठ छोट्या बोल्टांनी नकलच्या मागे बसते. संच गोळ्यावर चढवायचा तो नकल खाली असतानाच. नकल बसवून मोकळे झालात आणि सील टेबलावर दिसलं की पुन्हा सगळं उघडायचं. काही लोक अशा वेळी सील कापून बसवतात, तसलं करू नका. गोळ्याचा पृष्ठभाग गंजून खडबडीत झाला असेल तर नवं सीलही लवकर फाटेल. बारीक एमरी पेपर तेलात भिजवून गुळगुळीत करा, खोल खड्डे असतील तर इपॉक्सी भरून घासा.

कातळकर

अहवाल. दोन्ही बाजूंनी वर-खाली हलवलं. उजवीकडे स्पष्ट खटखट, बायकोने ब्रेक दाबला तरी तशीच. डावीकडे अगदी किंचित, तीही ब्रेक दाबून राहते. आडवं हलवताना दोन्हीकडे ठीक, टाय रॉड एंड घट्ट वाटतात. ओघळलेल्या तेलाला वास तोच, पर्थस्थितांनी लिहिलेला. म्हणजे काकांनी पैज जिंकली.

मिस्त्रीला दाखवलं. तो म्हणाला, किंगपिन उघडायची तर शिमचा (बेअरिंग घट्ट-सैल करायला घालतात त्या पातळ चकत्या) हिशोब कुणी करायचा? मी म्हटलं, धाग्यावर विचारतो. त्याने कपाळाला हात लावला.

उद्यमनगरी

मिस्त्री प्रामाणिक हाय, त्याला सांभाळा. ज्याला शिमची भीती वाटते तो निदान अंदाजपंचे कसत नाही.

काम असं. कॅलिपर सोडून तारेनं टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. हब, स्पिंडल, शाफ्ट बाहेर. मग टाय रॉड सोडवून किंगपिनच्या वरच्या-खालच्या टोप्या काढा. कुठली टोपी कुठली आणि तिच्याखाली किती शिम होते ते टोपीला दोऱ्यानं बांधूनच ठेवा.

बेअरिंगची बाहेरची रिंग निरखून बघा, तिच्यावर रोलरच्या मापाच्या आडव्या खुणा दिसतील. किंगपिनचं बेअरिंग गोल फिरत नाही, थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळं रोलर वर्षानुवर्षं एकाच जागी आपटत राहतात आणि रिंगेत खळगे पडतात. अशा बेअरिंगला शिम कमी करून कसलं तर सरळ चालताना ठीक, पण वळवलं की स्टेअरिंग जड आणि सोडल्यावर माघारी येत नाही. म्हणून नुसतं कसू नका. चारही बेअरिंग नवी, रिंगांसकट. रिंग ठोकताना पितळी पंच वापरा, तळाला टेकली की आवाज बदलतो.

नवी बेअरिंग ग्रीस भरून बसवा, जुने शिम लावा, टोप्या कसा. आतलं सील नवं बसलेलं असू दे, बाहेरचा संच गोळ्यावर चढवलेला असू दे पण अजून नकलला कसायचा नाही, कारण त्याच्या घर्षणानं माप चुकतं. आता मासळी बाजारातला हुकाचा स्प्रिंगवाला काटा घ्या. टाय रॉड बसतो त्या भोकात हुक अडकवा आणि काटकोनात ओढा. नकल हलायला लागते तेव्हा काट्यावर १ ते १.८ किलोच्या दरम्यान आकडा पाहिजे. कमी आला तर शिम काढा, जास्त आला तर घाला. वर-खाली दोन्हीकडं बघून, एका टोपीवरच सगळा भार नको. एवढाच हिशोब हाय त्याचा. मिस्त्रीला म्हणावं, काटा आण, बाकीचं मी सांगतो.

पर्थवाल्या भावाला धरून सांगतो, सीव्ही जॉइंट धुऊन उन्हात बघा. पिंजऱ्याला चीर, गोळ्यांच्या खाचेत खड्डे असतील तर आत्ताच बदला. ग्रीस मॉलिब्डेनमवालं.

नवशिका_४१०

धाग्यात घुसखोरी, माफ करा. माझी जुनी एमजी४१० जिप्सी, चढावर फोर-एलमध्ये (चारही चाकं, कमी वेगाचा जोरदार गिअर) टाकली की लिव्हर उडून न्यूट्रलला येतो. ट्रान्सफर केस उघडावी लागेल का? आणि डांबरावर सरावासाठी फोर-एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) लावली तर चालते ना?

मोहर्लीकर

डांबरावर लावू नका भाऊ. वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा लांब वाट कापतात. आपल्या गाडीत मधी डिफरन्शियल नाही, पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकाला बांधलेला राहते. मातीत चाक थोडं घसरून हिशोब जुळवून घेते, डांबरावर घसरत नाही. मग तो पीळ शाफ्टात आणि गिअरात साठते आणि लिव्हर निघता निघत नाही. असं अडकलं तर थोडी रिव्हर्स घेजा, सुटते. जोर लावून लिव्हर ओढू नका.

उद्यमनगरी

लिव्हर उडतो म्हटल्यावर आधी ट्रान्सफर केसचे रबर माउंट बघा, तीन असतात. जिप्सीत ती केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, चॅसीला वेगळी टांगलेली असते. एक रबर फाटलं की ताण आल्यावर आख्खी केस वळते आणि लिव्हर ओढला जातो. गिअर बिचारे निर्दोष. माउंट धड असूनही उडत असेल तरच उघडायचा विचार करा.

आणि त्यासाठी शाफ्ट काढलेत तर फ्लँजवर आणि स्लिप जॉइंटवर छिन्नीनं खुणा करून मगच काढा. दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत बसायला लागतात. एक दात इकडं-तिकडं झाला की नवीन कंपनं चालू, आणि त्याचा दोष भलत्याच पार्टवर जातो.

अंबरनाथचा_आबा

कातळकर, समुद्राच्या हवेत आहात, खालचा पत्रा बघितलात का? आम्ही पावसाच्या तोंडावर खालून जळकं ऑइल फवारतो. वडिलांपासून चालत आलंय. स्वस्त आणि मस्त.

रानजाई

आबा, स्वस्त खरंच आहे, पण मी करणार नाही. खनिज तेलाने पाट्यांचे, शॅकलचे आणि माउंटचे रबर फुगतात. जळक्या ऑइलमध्ये आम्ल आणि धातूचा चुरा असतो तो वेगळाच. सायलेन्सरवर पडलं तर धूर, ब्रेकच्या लायनरवर पडलं तर विचारूच नका. शिवाय पहिल्या पावसात ते कुठे जातं? कातळकरांच्या बाबतीत थेट कलमांच्या मुळाशी.

अंबरनाथचा_आबा

ताई, आमची कमांडर त्यावर अजून उभी आहे, गंज नाही. रबराचं म्हणाल तर ते तसंही चार-पाच वर्षांत बदलतोच. कातळावर कलमं असणाऱ्याने फवारू नये हे मात्र मान्य.

पर्थस्थित

इथे समुद्रकिनाऱ्यावर गाड्या नेणारे लोक लॅनोलिनचा, म्हणजे लोकरीच्या चरबीचा फवारा मारतात. भारतात मेणाचे अँटी-रस्ट फवारे मिळतात, तेही चालतील. पण गंजावर काहीही फासू नका. आधी तारेचा ब्रश, मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग. काळं रबरी कोटिंग गंजावर मारलं तर ते वरून गुळगुळीत दिसतं आणि आत पत्रा सडत राहतो. चॅसीच्या पोकळीत पाणी निघायला भोकं असतात, ती तारेने मोकळी करा. पंप लावून गोड्या पाण्याने खालून धुणं हे या सगळ्याच्या आधी.

टवाळभैरव

मला आता खरंच वाचायला मजा येतेय. रच्याकने, तुम्ही लोक २३५/७५चे जाड टायर का नाही लावत? फोटोत काय दिसते जिप्सी!

उद्यमनगरी

दिसते. २०५/७० आर १५चा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर, २३५/७५ आर १५चा ७३३. म्हणजे जवळपास दहा टक्के मोठा. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ला असते, प्रत्येक गिअर लांब होतो, चढाला क्लच जास्त जळतो, ब्रेकला जास्त ताकद लागते. आणि आधीच हलणाऱ्या किंगपिनवर जड चाक टांगलं की कातळकरांचा आजार घरबसल्या मिळतो. लांब शॅकल लावून गाडी उंच केली तर कॅस्टरचा, म्हणजे किंगपिनच्या पुढं-मागं कलण्याचा, कोनही बिघडतो. आधी सील, बेअरिंग, बुश, ब्रेक. पैसे उरलेच तर शोभा.

कागदोपत्री

पुनर्नोंदणीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं, त्यानंतर दर वेळी पाच वर्षं. एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरण शुल्क ५,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेनंतर वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारीला १०,०००. तुमची मुदत संपते ती तारीख आणि वीस वर्षं पूर्ण होण्याची तारीख बघून अर्ज करा. हरित कर वेगळा. मुदतीनंतर उशीर झाला तर महिन्यामागे दंड चढतो. उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागेल, विमा आणि पीयूसी चालू हवा.

तपासणीला गाडी न्यायच्या आधी पुढचं बुलबार असेल तर काढा, २०१७च्या डिसेंबरपासून केंद्राची त्याला मनाई आहे. टायरचं माप बदललेलं, जादा दिवे, बदललेलं इंजिन, यावरही आक्षेप निघतात. मूळ रचनेत बदल चालत नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल आहे. आणि हो, लिलावातला एक्सल घेतलाच तर निदान बिल तरी घ्या.

मोहर्लीकर

पेट्रोलचे रबरी पाइप पण पहा भाऊ. आता पंपावर सगळीकडं इथेनॉलवालंच पेट्रोल मिळते आणि वीस वर्षं जुनं रबर त्याच्यासाठी बनलेलं नाही. टाकीपासून फिल्टरपर्यंत हात फिरवा. पाइप चिकट लागला, फुगला किंवा गाडी उभी असताना वास आला, तर बदला. इंजेक्शनच्या गाडीत पाइपात प्रेशर असते, साधा पाइप चालत नाही.

कातळकर

काम झालं. सविस्तर लिहितो, कुणाच्यातरी उपयोगी पडेल.

सामान राजापुरात मिळेना. अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूर गाठलं, दुसऱ्याच्या गाडीने. किंगपिनची चार बेअरिंग, दोन्ही बाजूंचे नकल सील संच, आतली दोन सील, व्हील बेअरिंगचे लॉकवॉशर. शिमचा संच मात्र मागवून घ्यावा लागला.

उजवीकडची खालची टोपी उघडली तेव्हा आतून ग्रीस नाही, तपकिरी पाणी आलं. रिंगेवर काकांनी सांगितलेल्या खुणा हुबेहूब, नखाला लागतील इतक्या खोल. खालचं बेअरिंग वरच्यापेक्षा जास्त खराब होतं. डावीकडे गंज नव्हता पण खुणा होत्या. सीव्ही जॉइंट दोन्ही धड निघाले. काटा शेजारच्या मासेवालीकडून आणला. पहिल्यांदा उजवीकडे आकडा अर्ध्या किलोच्या आत आला, दोन्ही टोप्यांखालून एकेक पातळ शिम काढल्यावर दीडवर गेला. डावीकडे जुन्या शिमवरच सव्वा आला. मिस्त्रीने तो काटा आता गॅरेजात खिळ्याला लावून ठेवलाय.

ब्रीदरच्या नळ्या वर नेल्या. मागचं तेल दोनदा बदललं, आता स्वच्छ दिसतंय. चुंबकावर फक्त करडी साय. उघडलंच होतं म्हणून मागचे ड्रमही बघितले, आत लाल चिखल भरलेला, डावा व्हील सिलिंडर पाझरत होता. तोही बदलला आणि ब्रेक ऑइल पूर्ण नवं घातलं.

ओणी ते पाचल रस्त्यावर सगळ्या ओळखीच्या खड्ड्यांतून मुद्दाम नेली. ६०ला, ७०ला, काही नाही. डँपर काढून बघू का असं मिस्त्री म्हणाला, आणि काढलाही. तरी काही नाही. परत लावला.

एकूण खर्च एक्सलसाठी सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून बराच कमी. पुनर्नोंदणीची तारीख अजून मिळायची आहे.

उद्यमनगरी

झकास. डँपर काढून बघितला हे मला सगळ्यात आवडलं.

अजून ५०० किलोमीटर झाले की पुन्हा एकदा जॅकवर घ्या. नव्या रिंगा थोड्या बसतात, एखादा शिम कमी करावा लागला तर लागला. टोप्यांचे बोल्ट आणि टाय रॉडच्या नटाची पिनही तेव्हाच बघा.

नवशिका_४१०

काका, माउंटचा अंदाज बरोबर निघाला, तिघांतलं एक दोन तुकड्यांत होतं. पण नवीन रबर फार कडक वाटतंय, बोल्ट भोकात बसत नाही. चॅसीचं भोक रुंद करू का?

उद्यमनगरी

भोकाला हात लावू नको लेका! तिन्ही माउंट आधी ढिले ठेव, केस खालून जॅकनं उचलून जागेवर आण, तिन्ही बोल्ट हातानं लागले की मग कस. एक घट्ट करून दुसऱ्याला गेलास तर बसणारच नाही. फोटो टाक.